आधी शुगर, मग दात

दात आमच्या ओपीडीत कधी पहिला येत नाही. खोकला येतो, ताप येतो, कुत्र्याने चावलेली पोटरी येते, नोकरीसाठी फिटनेसचा दाखला हवा म्हणून धडधाकट तरुणही येतो. दात येतो तो हे सगळं सांगून झाल्यावर. केसपेपर हातात, एक पाय दाराबाहेर, आणि मग मान वळवून, "आनि मॅडम, ती दाताची गोली पन लिवा."

दाताची गोळी असं काही नसतं. गुडघ्याला देतो तीच दुखण्याची गोळी. पण मी ती लिहायची, माणूस खूश होऊन जायचा आणि काही दिवसांनी परत दारातून मान वळवायचा. बरीच वर्षं माझ्या लेखी दातांचं काम एवढंच होतं.

पनवेल आणि उरणच्या मधे, खाडीकाठच्या एका गावात आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मी तिथे वैद्यकीय अधिकारी. गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांनी ओळखायचं ते ओळखतीलच. राहायला सुकापूरला, ये-जा स्कूटरवरून. मुळात मी कमी बोलणारी. या अंकाच्या संपादकांनी फोन करून "डॉक्टरीतले गमतीदार अनुभव लिहा" म्हटलं, तेव्हा "बघते" म्हणून फोन ठेवून दिला होता. गमतीदार अनुभव आहेत. पण त्यांच्या मागे एक उभा आहे तो गमतीदार नाही, आणि त्याला वळसा घालून मला लिहिता येईना. म्हणून दोन्ही देते.

आधी गंमत. पळस्प्याहून उरणकडे कंटेनर नेणारा एक ट्रक ड्रायव्हर वाटेत आमच्याकडे थांबला. गाल टम्म सुजलेला. दाढेला भोक पडलं होतं आणि त्यात त्याने टायरचं पंक्चर काढायचं सोल्युशन भरलं होतं. "ट्यूबला धरतं मॅडम, दाताला का नाही धरणार?" मी विचारलं, मग धरलं का? म्हणाला, "धरलं ना. फक्त गालपण धरला."

दुसरा जासईकडच्या कंटेनर यार्डातला सुपरवायझर. वरची दाढ किडलेली. वरचा दात काढला की डोळा जातो, ही आमच्याकडची घट्ट समजूत. हा शिकलेला, हातात दोन फोन. म्हणाला, "मॅडम, मी असलं काही मानत नाही. पण डोळा जाणार नाही असं तुम्ही सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. मिसेस मानते." मी दिलं लिहून. तो पनवेलला जाऊन दाढ काढून आला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या व्हरांड्यात एक डोळा हाताने झाकून भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक बाकावरच्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कागदापेक्षा त्या वाचनाचा परिणाम जास्त झाला, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा थोडा समजावून सांगायला हवा. आरोग्य केंद्रात दातांची खुर्ची नसते. आमच्याकडे बॅटरी, जीभ दाबायची पट्टी आणि गोळ्या. दातांच्या डॉक्टर पनवेलला, सरकारी दवाखान्यात. डॉ. नाझनीन त्यांचं नाव, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, हात हलका आणि जीभ तिखट. लोकांना वाटतं, दात फार दुखला की माणूस आपोआप दातांच्या डॉक्टरकडे जातो. तसं होत नाही. दात काढायचा की वाचवायचा हे त्या खुर्चीत ठरतं. पण माणूस त्या खुर्चीपर्यंत जाणार की नाही, हे आमच्या टेबलावर ठरतं. मी बॅटरी मारून तोंडात पाहिलं, "ही दाढ गेली तर शेजारची वाचेल, उद्याच जा, बाई चांगल्या आहेत, माझं नाव सांगा" एवढं म्हटलं, की बरेचसे जातात. न बघता गोळी लिहिली, की कुणी जात नाही. का जाईल? ज्याच्याकडे डॉक्टरने ढुंकून पाहिलं नाही, ते दुखणं काही मोठं नसणार.

हे मला आज कळतं. तेव्हा मी न बघणाऱ्यांतली होते.

मंगळवारी आमच्याकडे बीपी-शुगरची ओपीडी असते. गाव त्याला 'शुगरचा वार' म्हणतं. त्या दिवशी व्हरांडा भरायचा तो हिराबायमुळे. हिराबाय गावातली कोळीण, साठीच्या आसपासची. खाडीपलीकडे उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरांच्या गेटवर मासळीची पाटी घेऊन बसायची. लिफ्टने खाली यायला आळसावलेल्या बायका तिच्या एका हाकेने खाली यायच्या, असा आवाज. शुगर तिला होती आणि तिच्या ओळखीत आणखी कुणाला आहे हे ती हुडकून काढायची. "चल गो, मॅडमकडं चल, बोट टोचून येऊ," म्हणत बायकांचा जथा घेऊन यायची. डॉक्टरसकट सगळ्या जगाला अरे-तुरे. आमच्या सिस्टर म्हणायच्या, "मॅडम, सरकारने हिलाच पगार द्यायला हवा."

अशाच एका मंगळवारी ती टेबलाशी वाकून म्हणाली, "मॅडम, ही खालची दाढ हलते न् ठनकते. पनवेलला जाऊन काडून टाकू का?"

मी तिच्या शुगरचा आकडा बघत होते. तीनशेच्या वर गेला होता. मान वर न करता म्हणाले, "आधी शुगर, मग दात. एवढ्या शुगरमध्ये दाताला हात लावायचा नाही."

"म्हंजी काडू नको?"

"नाही म्हटलं ना, हिराबाई."

वाक्य खोटं नव्हतं. शुगर बेफाम असताना दात काढला तर जखम लवकर भरत नाही, चिघळू शकते. पण ते वाक्य तिथे संपत नाही. दाढेखाली पू असेल तर तो पूच शुगर वाढवतो, आणि वाढलेली शुगर पू वाढवते. दोघांना एकदमच हात घालावा लागतो. म्हणजे मी तोंडात बघायला हवं होतं, औषध बदलायला हवं होतं, आणि "तरीही पनवेलला जा, डॉक्टरबाई बघून ठरवतील" म्हणायला हवं होतं. त्याला कितीसा वेळ लागला असता? मी गाल उचलूनसुद्धा पाहिला नाही.

हिराबायने माझं वाक्य उचललं आणि तिच्या पद्धतीने गावभर वाढलं. गेटवर, मासळीच्या लिलावात, हळदीच्या मांडवात. तिच्या तोंडी ते आणखी धारदार झालं. "शुगरवाल्यानं दात काडाचा नाय. रगत थांबत नाय, मानूस जातो. मॅडम बोल्लीय." पुढे पुढे तर नुसतं "मॅडम बोल्लीय" एवढंच पुरायचं.

काही महिन्यांनी डॉ. नाझनीन यांचा फोन आला होता, दुसऱ्याच कामासाठी. ठेवता ठेवता म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या गावात शुगरवाल्यांचे दात फार मजबूत दिसतात, माशाल्ला. आधी यायचे, आता एकही येत नाही." मी हसले. त्यांनी टोमणा मारला होता, आणि मला मात्र मनातून बरं वाटलं होतं, की गाव आपला शब्द मानतं. हे लिहिताना हात जड होतो, पण बरं वाटलं होतं हे खरं आहे.

मग एका सकाळी केंद्राच्या दारात मासे वाहायचा टेम्पो येऊन थांबला. हिराबायची सून सुगंधा पुढे धावत आली. मागे बर्फाच्या खोक्यांना टेकून हिराबाय बसली होती. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना सूज, लाकडासारखी कडक. तोंडातून लाळ गळतेय, जीभ वर उचललेली, श्वास घेताना घरघर. ती मला काहीतरी सांगत होती आणि आवाज बाहेर येत नव्हता. तिच्या घशातून आवाज न येणं हेच इतकं विचित्र होतं, की सूज दिसायच्या आधी मला ती शांतता जाणवली.

दाढेचा पू मानेत उतरला होता. अशा वेळी श्वासाची वाट बंद व्हायला फार वेळ लागत नाही. सुई लावली, ऑक्सिजन लावला, ॲम्ब्युलन्समध्ये मी स्वतः बसले. पनवेलहून पुढे मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे त्यांनी गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातली, पू काढला, दाढ काढली, शुगरसाठी इन्सुलिन सुरू केलं. हिराबाय वाचली. बऱ्याच दिवसांनी घरी आली ती गळ्यावर व्रण घेऊन आणि घोगरा, फाटका आवाज घेऊन. गेटवरची हाक गेली. पाटी आता सुगंधा घेऊन बसते.

मला वाटलं होतं, आता गाव मला जाब विचारेल. मी त्याची तयारीही केली होती. झालं उलटंच. पुढच्या मंगळवारी व्हरांड्यात बारकीबाय, हिराबायची शेजारीण, सगळ्यांना सांगत होती, "बगा, मॅडम आदीच बोल्ली व्हती. शुगरमदी दात काडाचा नाय. तिकडं मोट्या हास्पिटलात काडला, न् गेला ना हिरीचा आवाज?"

मी आतल्या खोलीत हे ऐकलं. ज्या दुखण्याने माझं वाक्य चुकीचं ठरवलं होतं, तेच आता त्या वाक्याचा पुरावा झालं होतं. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मी बाहेर जाऊन बोलायला हवं होतं. मी पुढचा केसपेपर घेतला.

त्यानंतर हिराबाय तपासणीला आली तेव्हा तिने माझा हात धरला. "मॅडम, तुजा ऐकला असता तं बरा झाला असता," तिच्या त्या खरखरत्या आवाजात म्हणाली. "मना तू सांगितलेलास, शुगर उतरव. मी नाय उतरवली." ती माझी माफी मागत होती.

दोन रात्री नीट झोप नाही लागली. तिसऱ्या दिवशी ओपीडी संपवून मी तिच्या घरी गेले. ओटीवर ती बोंबील निवडत बसली होती. मी तिच्यासमोर पायरीवर बसले आणि सांगितलं. की तुमचं चुकलं नाही. तेव्हा मी तोंडात बघायला हवं होतं, शुगर आणि दाढ दोन्हीला एकदम औषध द्यायला हवं होतं, तुम्हाला त्याच आठवड्यात पनवेलला पाठवायला हवं होतं. मोठ्या रुग्णालयात दाढ काढली म्हणून आवाज गेला नाही, दाढ वेळेवर काढली नाही म्हणून गेला. सगळं एका दमात सांगितलं, कारण मधे थांबले असते तर राहिलं असतं.

तिचा हात बोंबलावर थांबला. मग म्हणाली, "मंग तवाच का नाय बोल्लीस?"

गर्दी होती, थकले होते, ही उत्तरं माझ्याजवळ तयार होती. ती खरीही होती. पण तिच्या गळ्यावरच्या व्रणाकडे बघत ती देता येईनात. खरं उत्तर मी तोवर घरीही कुणाला सांगितलं नव्हतं.

"मलाही शुगर आहे, हिराबाई," मी म्हणाले. "कैक वर्षं झाली. आणि माझीही खालची दाढ किडलीय. दोन वर्षं मी केंद्रातल्याच गोळ्या खातेय. दात काढायची मला भीती वाटते. लहानपणी एकदा काढला होता, तेव्हापासून. रोज स्वतःला सांगत आले, आधी शुगर पूर्ण ताब्यात येऊ दे, मग दात बघू. तुम्ही विचारलंत तेव्हा तेच तोंडातून निघालं. ते तुमच्यासाठी नव्हतंच. माझं मी स्वतःला दिलेलं कारण तुम्हाला सल्ला म्हणून दिलं."

मला वाटलं, शिव्या देईल. दिल्याही तिने, दोन-तीन, इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मग बोंबील बाजूला सारून म्हणाली, "इथं माज्या ओटीवर सांगून काय करतंस? लायनीत बोल्ली व्हतीस ना? मंग लायनीत सांग. माज्या तोंडून सगल्या गावानं ऐकलाय. आता माजा आवाज नाय, तुजा हाय."

मंगळवारी मी खुर्चीतून उठून व्हरांड्यात आले. पंधरा-वीस बायका, चार-दोन पुरुष. भाषण द्यायची सवय नाही. सांगितलं, की शुगर असली तरी दात दाखवायचा. दुखत असेल तर जास्तच लवकर दाखवायचा. काढायचा की नाही हे दातांची डॉक्टर ठरवेल, मी नाही आणि हिराबायही नाही. मी आधी जे बोलले ते अर्धवट होतं आणि त्याचा भोग हिराबायला भोगावा लागला.

मग बारकीबाय तोंडावरचा पदर न काढता म्हणाली, "मॅडम, तू तवा एक बोल्लीस, आता दुसरा बोलतंस. आमी कनचा धरू?"

तेवढ्यात बाकाच्या टोकाला बसलेल्या हिराबायने काठी आपटली. "तिला पन शुगर हाय," ती खरखरली. "तिची पन दाढ किडलीय. दोन वर्सं गोल्या खाते चोरून. आदी तिचीच काडू. मेली तं समजू."

व्हरांडा हसून हसून कोसळायचा राहिला. सिस्टरसुद्धा तोंडावर रजिस्टर धरून हसत होत्या. माझे कान तापले होते. विश्वासाने सांगितलेली गोष्ट हिने चारचौघांत उघडी पाडली म्हणून राग आला. पण रागाला उतरायला जागाच नव्हती, कारण तिने सुचवलेला उपाय बरोबर होता. भिंतीवरचं वेळापत्रक एका डोळ्याने वाचणारा तो सुपरवायझर मला आठवला. या गावाला शिक्क्याचा कागद नको असतो, माणूस हवा असतो.

"ठीक आहे," मी म्हणाले. "कोण कोण येतंय माझ्याबरोबर?"

डॉ. नाझनीन यांना फोन केला. त्यांनी माझ्या शुगरचे रिपोर्ट मागवले, बघितले. "मॅडम, तुमची शुगर तर कधीचीच दात काढण्याजोगी आहे. इतकी वर्षं गावाला सल्ले देता आणि स्वतः इथली वाट विसरलात?" म्हणाल्या, सकाळी या, नेहमीची गोळी घेऊन, पोटभर नाश्ता करून. हे मी इतरांना पाठ म्हणून सांगत असे. त्या दिवशी पोहे मी औषधासारखे पाण्याबरोबर गिळले.

आम्ही गेलो त्याच मासळीच्या टेम्पोतून. दुसरी गाडी बघते म्हटलं तर हिराबाय म्हणाली, "का? तुला वास येतो?" पुढे ड्रायव्हरजवळ ती आणि मी, मागे बारकीबाय आणि आणखी तिघी-चौघी. सगळ्या शुगरच्या, सगळ्यांची कुठली ना कुठली दाढ ठणकणारी, आणि सगळ्या फक्त बघायला आलेल्या. तसं त्यांनी चढतानाच बजावलं होतं. "आमी काडनार नाय हां. आमी तुजी बगाला चाल्लोय."

खुर्ची मागे झुकली तेव्हा माझे हात खुर्चीच्या हातांवर इतके घट्ट होते, की डॉ. नाझनीन म्हणाल्या, "या अल्ला, डॉक्टर पेशंट म्हणून सगळ्यात वाईट." हजारो लोकांना इंजेक्शन दिलेली मी, हिरडीतल्या सुईला डोळे मिटून बसले. दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. दारात पाच-सहा तोंडं. दाढ निघाली तेव्हा दुखलं नाही, नुसता ओढल्यासारखा दाब आणि मग एक करकर. ती ट्रेमध्ये टाकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कुणीतरी "आयो!" म्हणालं.

डॉ. नाझनीन यांनी कापसाचा बोळा ठेवला आणि दाबून धरायला सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. त्या सगळ्याजणी माझ्यासमोर उभ्या. कुणी माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हतं, सगळ्यांची नजर ओठांवर. बारकीबायने दोनदा विचारलं, "रगत थांबला का गो?" मला उत्तर देता येत नव्हतं. हिराबाय तिला म्हणाली, "थांब जरा. आताच काडलीय. वालाची शेंग नाय ती, सोलली न् झाली."

मग वेळ झाल्यावर डॉ. नाझनीन यांनी आतून मान डोलावली. मी बोळा काढून कागदात गुंडाळला. हिराबाय माझ्यासमोर वाकली. सुगंधाने निघताना सोबत दिलेल्या मोबाईलची बॅटरी तिने लावली.

"आ कर."

मी आ केला. तिने तिचं जाडं, माशांच्या काट्यांनी भेगाळलेलं बोट माझ्या गालात घातलं आणि गाल बाजूला उचलला. बोटाला बर्फाचा आणि साबणाचा वास होता. बराच वेळ ती आत बघत राहिली, बॅटरी इकडे तिकडे फिरवत. मी तिच्या तोंडात कधी इतकं बघितलं नव्हतं.

"थांबला," ती म्हणाली. बोट पदराला पुसून ती मागे वळली. "चला. पुढची कोन?"

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग बारकीबायने तोंडावरचा पदर खाली घेतला, मशेरीने काळे पडलेले दात मला पहिल्यांदाच दिसले. ती पुढे आली आणि हातातली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"धर," म्हणाली. "जाऊन येते."

मी पिशवी धरली.